'लुलू' : लू रीड आणि मेटॅलिकाच्या अल्बमची थट्टा रास्त होती का?

खर्जातला

मेटलवाल्यांच्या कुठल्याही कट्ट्यावर 'सगळ्यांत भिकार अल्बम कोणता' असं विचारा, पहिल्या पाच उत्तरांत 'लुलू' येणारच. मागोमाग 'आय ॲम द टेबल'चं मीम. विषय खल्लास. परवा एका ग्रुपवर हेच चाललं होतं. 'सगळी ८७ मिनिटं कोणी ऐकलीत का?' एवढंच विचारलं तर माझ्याच सात पिढ्या उद्धरल्या गेल्या. म्हणून इकडे आलो, इथे निदान शिव्या शुद्धलेखनात मिळतात.

ज्यांना पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी. ऑक्टोबर २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या पंचविशीचा जलसा झाला. तिथे लू रीडने ('व्हेल्व्हेट अंडरग्राउंड' या बँडचा जुना गायक-गीतकार) मेटॅलिका या मेटल बँडला साथीला घेऊन 'स्वीट जेन' आणि 'व्हाइट लाइट/व्हाइट हीट' म्हटली. मंडळींचं जमलं. एकत्र रेकॉर्ड करायचं ठरलं. बेत होता रीडची जुनी, अडगळीत पडलेली गाणी नव्याने वाजवायचा. ऐन वेळी रीड म्हणाला, ते राहू द्या. बर्लिनर आँसांब्लमध्ये (ब्रेख्तने काढलेली बर्लिनची नाटकमंडळी) दिग्दर्शक रॉबर्ट विल्सन जे नाटक बसवतोय त्यासाठी मी लिहिलंय, ते करू.

ते नाटक म्हणजे फ्रांक वेडेकिंडची दोन जर्मन नाटकं, 'एर्डगाइस्ट' (१८९५) आणि 'पँडोराची पेटी' (१९०४). नायिका लुलू. तिच्या नादाने एकेक पुरुष संपतो, आणि अखेर लंडनच्या एका खोलीत धंदा करताना ती जॅक द रिपरच्या हाती मरते. याच नाटकांवर पाब्स्टचा १९२९ चा मूकपट आहे (फिल्म सोसायटीवाल्यांना त्यातल्या नायिकेचा, लुईझ ब्रुक्सचा, बॉबकट आठवेल) आणि आल्बान बेर्गचा ऑपेराही. २०११ च्या उन्हाळ्यात मेटॅलिकाच्या कॅलिफोर्नियातल्या स्वतःच्या स्टुडिओत हे रेकॉर्ड झालं. तेव्हा रीड ६९ वर्षांचा. दहा तुकडे, दोन सीडी, शेवटचा 'ज्युनियर डॅड' एकटाच १९ मिनिटांच्या वर.

माझं म्हणणं सरळ आहे. हा मेटॅलिकाचा अल्बम नाहीच. लू रीडचं नाटक आहे, साथीला मेटॅलिका. दुकानात मात्र तो मेटॅलिकाच्या कप्प्यात ठेवला गेला आणि त्यांच्या जुन्या गाजलेल्या 'मास्टर ऑफ पपेट्स' अल्बमचं माप लावून मोजला गेला. रीड यात गातच नाही, वाचतो. तालाच्या पुढे जातो, मागे राहतो, मध्येच थांबतो, आणि बँडला त्याच्या तोंडाकडे बघत वाजवावं लागतं. 'पंपिंग ब्लड' नीट ऐका. रिफ (गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) सुरू होते, मोडते, ड्रम्स बंद पडतात, रीड एकटा बोलत राहतो, मग चौघे परत त्याच्यावर कोसळतात. खून चाललेला असताना चार-चार मात्रांचे ठोकळे लावून गाणं चालावं अशी अपेक्षा का?

आवडला नाही म्हणणाऱ्यांचं स्वागत. फक्त ऐकून बोला.

पाटावरवंटा

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. चालू द्या.

गावठी मेटलहेड

खर्जातला साहेब, मी ऐकलाय. पूर्ण. त्यामुळे आता बोलायचा परवाना आहे असं धरतो.

२०११ ची दिवाळी आठवा. मेटॅलिका पहिल्यांदा भारतात. २८ ऑक्टोबरचा गुडगावचा शो ऐन वेळी रद्द, लोकांनी स्टेज फोडलं, आयोजकांना अटक. आमची टोळी भाऊबीज उरकून पुण्याहून उद्यान एक्सप्रेसने बंगळुरूला निघालेली. गाडीत फोनवर फोन, उद्याचं पण बोंबललं का? नाही बोंबललं. ३० तारखेला पॅलेस ग्राउंड्सवर 'क्रीपिंग डेथ'ने सुरुवात झाली तेव्हा शेजारचा अनोळखी बाप्या माझ्या गळ्यात पडून रडत होता. पूर्ण शोमध्ये लुलूतली एक ओळ वाजवली नाही त्यांनी. आणि दुसऱ्याच दिवशी, ३१ तारखेला, हा अल्बम बाजारात!

म्हणजे ज्या पोरांनी तीन पगार साठवून तिकीट काढलं त्यांच्यापुढे काय वाजवायचं हे बँडला बरोबर कळत होतं. मग अल्बमवर स्वतःचं नाव कशाला? 'लू रीडचं नाटक, साथीला मेटॅलिका' हे तुम्ही आज म्हणताय. कव्हरवर दोघांची नावं आहेत आणि विकला तो मेटॅलिकाच्या नावावर. नाटकाचं नाव लावून तमाशाचं तिकीट फाडलं तर प्रेक्षक खुर्च्या मोडणारच.

आणि विकला तरी कुठे? अमेरिकेत पहिल्या आठवड्यात १३,००० च्या आसपास प्रती. मेटॅलिकाला ही संख्या म्हणजे चिल्लर.

चकलीताई

मला यातलं ओ का ठो कळत नाही, पण धागा वाचून यातलं 'द व्ह्यू' हे गाणं लावलं. हे आतल्या खोलीतून ओरडले, "खाली कोणाचं भांडण चाललंय, बघ जरा." यावर समीक्षा संपली.

आता गंभीर प्रश्न. तो म्हातारा बोलतो ते मला आवडलं हो. दमदार आहे. मग दुसरा मध्येच येऊन 'मी टेबल आहे' असं का किंचाळतो?

खर्जातला

@चकलीताई, हे बेस्ट :-)

शब्द रीडचेच, गातो मेटॅलिकाचा गायक हेटफिल्ड. ध्रुवपदात 'मी अमुक आहे, मी तमुक आहे' अशी लांबलचक जंत्री आहे, तिच्यात टेबलही येतं. सगळं काही मीच, असं म्हणणाऱ्याच्या यादीत टेबलाने काय घोडं मारलंय? तैत्तिरीय उपनिषदात 'अहमन्नम्' लागोपाठ तीनदा म्हटलंय. 'मी भात आहे' म्हणून कोणी मीम काढलं नाही.

पाटावरवंटा

आता काढणार.

डबलबास

दोन्हीकडचे लोक एका गोष्टीबद्दल बोलत नाहीयेत, ती म्हणजे वाजवणं कसं झालंय. कल्पना थोर असली म्हणून आवाज थोर होत नाही. मी बेस वाजवतो, लग्नाच्या ऑर्केस्ट्रापासून डेथ मेटलपर्यंत सगळं करून झालंय, तेव्हा थोडं तांत्रिक सहन करा.

बरंचसं रेकॉर्डिंग एकाच खोलीत, एकत्र, समोरासमोर बसून झालंय. रीडला पहिल्या-दुसऱ्या टेकमधलं कच्चेपण हवं होतं. मेटॅलिका नेमकी याच्या उलट जातीची. ते रिफ लिहितात, घासतात, सहा-सहा महिने दुरुस्त करतात. त्यांचं गाणं म्हणजे रचना : पहिली रिफ, तिला उत्तर देणारी दुसरी, मग पूल (दोन भाग जोडणारा तुकडा), मग गिटारचा सोलो. लुलूत ती रचना काढून घेतली आणि तिच्या जागी काहीच ठेवलं नाही. 'मिस्ट्रेस ड्रेड'मध्ये एक थ्रॅश (अतिवेगवान मेटल) रिफ जवळपास सात मिनिटं घोटली आहे. वर रीड त्याच्या वेगळ्याच संथ चालीत. पहिली दोन मिनिटं थरारक वाटतात, कारण खालचा वेग आणि वरचा आळस यांची कुस्ती आहे. पुढे ती कुस्ती निकाली निघत नाही, की डावही बदलत नाही. नुसता वेळ जातो.

साथीचा मुद्दा खर्जातला यांनी काढलाच आहे तर सांगतो. विलंबितात गायक वाटेल तिकडे भरकटो, तबलजी ठेका धरून असतो, कारण सम कुठे आहे हे दोघांना ठाऊक असतं. इथे सम ठरलेलीच नाही. ड्रमर उलरिच जागोजागी 'आता येतो का, आता येतो का' अशा चेहऱ्याने फिल (ठेक्यामधली भर) मारताना ऐकू येतो. चेहरा ऐकू येतो, शपथ. काहींना हेच जिवंत वाटतं. मला ती तालमीची टेप वाटते.

अपवाद दोन. 'आइस्ड हनी' : मोजके कॉर्ड, सरळ चाल, साडेचार मिनिटांत संपतं. व्हेल्व्हेट अंडरग्राउंडच्या घराण्यातलं गाणं, फक्त गिटार जाड. दोघांचं खरंच जमलंय असं हे एकमेव. आणि 'लिटल डॉग', जिथे ड्रम्स जवळजवळ नाहीतच. बँड मागे सरकला की रीड उंच होतो. मग बँड घेतलाच कशाला, हा प्रश्न मात्र उरतो.

गावठी मेटलहेड

+१. दंडवत स्वीकारा. शेवटचं वाक्य फ्रेम करून लावतो.

तिसरा पडदा

मी नाटकवाला, मेटलमधला म नाही ठाऊक. वेडेकिंडमुळे या धाग्यावर आलो.

वेडेकिंडच्या 'पँडोरा'वर अश्लीलतेचा खटला चालला होता. आपल्याकडे १९७२ मध्ये 'सखाराम बाइंडर'वर बंदी आली आणि कमलाकर सारंगांना हायकोर्टाची पायरी चढावी लागली. त्याच वर्षी 'गोलपिठा' आला. ढसाळांच्या त्या कवितेत रक्त, पू, धंदा, शिव्या सगळं आहे, आणि आपण ती पचवली, अभ्यासक्रमात नेली. कारण तिथे वाचक तयार होऊन आला होता. लुलूचा अर्धा श्रोता मेटॅलिकाचं 'एंटर सँडमॅन' ऐकून आला होता. त्याला वेडेकिंड कोण हे कोणी सांगितलंच नाही. कव्हरवर हात नसलेला पुतळा आणि रक्ताने लिहिलेलं नाव, आतल्या नाटकाची कसली ओळख नाही.

मला यात सर्वांत धाडसी वाटलं ते वेगळंच. रीड बऱ्याचशा गाण्यांत लुलूच्या तोंडून बोलतो. सत्तरीला टेकलेला पुरुष, घोगरा आवाज, आणि म्हणतो : मी गावाकडची पोरगी. आवाज बदलत नाही, नखरा नाही. बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला पुरुषाने बाईचं बोलणं नवं नाही, पण आपली परंपरा हुबेहूब भासवण्याची. हा माणूस भासवत नाही. ब्रेख्तच्या घरातून निघालेलं काम आहे, त्यामुळे ते ओघानेच आलं असेल. पहिल्या गाण्यात, 'ब्रँडेनबर्ग गेट'मध्ये, हेटफिल्ड 'स्मॉल टाउन गर्ल' असं मागून किंचाळत राहतो तेव्हा मला तो कोरस वाटला. गाव ओरडतंय आणि पोरगी शांतपणे आपली हकिगत सांगतेय.

रातराणी

तिसरा पडदा, इथे माझा ठाम विरोध.

गोलपिठ्याशी तुलना नको. ढसाळ ज्या गल्लीत वाढले ती गल्ली लिहीत होते. वेडेकिंडची लुलू ही पुरुषांनी पुरुषांसाठी रचलेली बाई. आधी वेडेकिंड, मग पाब्स्ट, बेर्ग, विल्सन, रीड आणि आता चार मेटलवाले. शंभर वर्षं पुरुषच तिच्या तोंडी वाक्यं घालतायत आणि प्रत्येक वेळी ती स्वतःच्या छळाची मागणी करते. 'मिस्ट्रेस ड्रेड'चे शब्द काढून वाचा, मी इथे देत नाही. मला मारा, बांधा, तुडवा, हीच रट. हे धाडस? हे तर सर्वांत जुनं, सर्वांत सुरक्षित पुरुषी स्वप्न आहे. वर जोरात गिटार लावल्याने ते अवाँ-गार्द होत नाही.

आणि माझी तक्रार 'अश्लील आहे' ही नाही. कंटाळवाणं आहे. धक्का द्यायचा म्हणून दिलेला धक्का तिसऱ्या गाण्यापर्यंत संपतो, नंतर ८७ मिनिटांतला उरलेला तास-सव्वातास नुसता मोजायचा. (अवांतर : लुलूचं खरं काम लुईझ ब्रुक्सने केलं, तेही एक शब्द न बोलता.)

तिसरा पडदा

रातराणी, रचना पुरुषांची हे मान्य. पण वेडेकिंडच्या नाटकात प्रत्येक पुरुष तिला वेगळ्या नावाने हाक मारतो. कोणाची नेली, कोणाची एफा, कोणाची मिन्योन. ती कोण हे एकालाही कळत नाही, आणि नाटक त्या पुरुषांना हसतं. तुमचा आक्षेप नाटकाच्या पोटातच आहे.

रीडने ते हसणं किती उचललं? कमी. एवढं कबूल.

रातराणी

कमी नाही, शून्य. नाटकातला विनोद गाळला की उरतो तो छळ. मुद्दा तोच तर आहे.

ह्यूस्टनकर

उशिरा आलो, इकडे सकाळ.

रीडच्या बाबतीत हा सिनेमा आधी दोनदा लागून गेलाय. १९७३ मध्ये त्याचा 'बर्लिन' अल्बम आला तेव्हा 'रोलिंग स्टोन'च्या समीक्षकाने त्याची खांडोळी केली. २००३ मध्ये त्याच मासिकाने पाचशे श्रेष्ठ अल्बमांच्या यादीत त्याला घेतलं, आणि २००६ मध्ये रीडने ब्रुकलिनमध्ये तो आख्खा रंगमंचावर सादर केला. १९७५ मध्ये 'मेटल मशीन म्युझिक', तासाभराहून अधिक नुसता गिटारचा फीडबॅक. लोकांनी दुकानात परत नेऊन दिला. आज नॉइझवाले (नुसत्या गोंगाटातून संगीत करणारे) त्याला पूर्वज मानतात. लुलूच्या वेळी रीड हेच म्हणाला होता, की माझे चाहते 'मेटल मशीन'नंतरच पळाले, आता मला कोणाची पर्वा?

२०१५ मध्ये रीडला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं तेव्हा त्याची बायको लॉरी अँडरसन हिने भाषणात सांगितलं की गायक डेव्हिड बोवीच्या मते लुलू हे लूचं सर्वांत मोठं काम. लोकांना कळायला वेळ लागेल, बर्लिनसारखंच होईल.

पिचफोर्क या संगीत समीक्षेच्या संकेतस्थळाने लुलूला दहापैकी १ गुण दिला होता. बोवी की पिचफोर्क, तुम्ही ठरवा.

डबलबास

ह्यूस्टनकर काका, हा युक्तिवाद मला पटत नाही. 'बर्लिन'ला शिव्या पडल्या आणि तो पुढे थोर ठरला, म्हणून ज्याला शिव्या पडतात तो थोर? शिव्या खाऊन कायमचे गाडले गेलेले शेकडो अल्बम आहेत, त्यांची नावं आपल्याला आठवत नाहीत एवढंच. आणि 'बर्लिन'मध्ये बॉब एझ्रिनची संगीतयोजना होती, वाद्यवृंद होता, प्रत्येक स्वर जागच्या जागी होता. लोकांना तेव्हा झेपला नाही तो त्यातला अंधार. लुलूत अंधार झेपतो, बांधणी नाही.

बोवी मित्र होता. रीडचा 'ट्रान्सफॉर्मर' अल्बम त्याने आणि मिक रॉन्सनने मिळून केला. मित्राच्या बायकोला मित्राबद्दल माणूस आणखी काय सांगणार?

ह्यूस्टनकर

बोवी खोटं बोलला म्हणायचंय का?

डबलबास

प्रेमाने बोलला म्हणायचंय.

गावठी मेटलहेड

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

संपादक

वैयक्तिक शेरेबाजी टाळावी. लू रीड हयात नाहीत म्हणून त्यांच्याबद्दल काहीही लिहिलेलं चालतं असं नाही.

गावठी मेटलहेड

ठीक. सभ्य भाषेत पुन्हा लिहितो. मेटलवाल्यांना सगळे 'यांना काही कळत नाही' म्हणून झोडतात ते मला डाचतं. रीड स्वतःच सांगत फिरत होता की मेटॅलिकाच्या चाहत्यांनी अल्बम न ऐकताच त्याला मारायच्या धमक्या दिल्या. दिल्या असतील, गाढवं सगळीकडे असतात. पण आम्ही मेटॅलिकाच्या 'लोड' अल्बमच्या वेळी त्यांनी कापलेले केस सोसले. 'सेंट अँगर'चा तो पत्र्याचा डबा वाजवल्यासारखा स्नेअर ड्रम सोसला. 'जस्टिस'मध्ये बेस ऐकू येत नाही, तरी आजही पारायणं करतो. नवं सोसत नाही असं आम्हाला म्हणू नका. लुलूत आम्हाला बोलावलंच नव्हतं, हे खरं दुखणं.

खर्जातला

गावठी भाऊ, हा प्रतिसाद आवडला. आता तुमच्याच बाजूने एक गोष्ट सांगतो. 'ज्युनियर डॅड' पहिल्यांदा ऐकला तेव्हा मेटॅलिकाचा गिटारवादक हॅमेट याचे वडील नुकतेच गेले होते. तो उठून स्वयंपाकघरात गेला आणि रडत बसला. मागोमाग हेटफिल्ड आला तोही रडतच. बापाशी न जमलेली ही दोन पोरं, आणि समोर सत्तरीचा म्हातारा बापाबद्दल म्हणतोय. त्या गाण्यात चौघे जे वाजवतात त्यात एकही 'मेटॅलिका' क्षण नाही. दोनच कॉर्ड येत-जात राहतात, कोणी पुढे यायला बघत नाही. डबलबास म्हणतात ती सम इथे सापडलेली आहे. शेवटची काही मिनिटं नुसते तंतुवाद्यांचे लांब सूर आहेत, शब्द संपलेले.

तुम्ही पूर्ण ऐकलाय म्हणालात. हे गाणं कसं वाटलं ते मात्र कुठेच लिहिलं नाहीत.

गावठी मेटलहेड

ते चांगलं आहे.

बाकीची ६८ मिनिटं परत द्या.

डबलबास

'ज्युनियर डॅड' चांगलं आहेच, माझ्या यादीत राहून गेलं. पण शेवटचे ते लांब सूर थोडक्यात आटपले असते तरी चाललं असतं. संपादन नावाची गोष्ट असते. चार-चार निर्माते होते आणि एकानेही कात्री उचलली नाही.

रातराणी

त्या गाण्यात लुलू कुठे आहे ते कोणी सांगेल का? मला सापडली नाही. बाप आहे, मुलगा आहे. अख्ख्या अल्बममध्ये मनापासून लिहिलेलं एकच गाणं, आणि त्यात बाई नाही.

तिसरा पडदा

यावर माझ्याकडे उत्तर नाही. विचार करतो.

चकलीताई

मी 'आइस्ड हनी' ऐकलं. हे छान आहे की! ह्यांनीही काही तक्रार केली नाही. पुढचं कोणतं लावू? १९ मिनिटांचं सांगू नका, गुरुवार आहे, पाणी जाईल.

खर्जातला

'ब्रँडेनबर्ग गेट', चार मिनिटांचं आहे. सुरुवातीला साधी गिटार आहे, दचकू नका, पुढे धाडकन सगळे येतात. दार लावून घ्या.